पहिलं शेवंड फुकट

रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ओएसिस वर्गातल्या जहाजांवर खाण्यापिण्याची वीसेक ठिकाणं असतात आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी रोख पैसे चालत नाहीत. डोंबिवलीच्या काकांना यातली पहिली बातमी फार आवडली. दुसरीने मात्र ते अस्वस्थ झाले. जिथे पैसे दिसत नाहीत तिथेच ते भराभर जातात, एवढं बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

लेक-जावई आणि नात एडिसनला. उन्हाळ्यात आईबाबा अमेरिकेत येतात, नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं, देऊळ दर शनिवारी होतं, आणि चौथ्या आठवड्यात प्रश्न उभा राहतो की आता यांना न्यायचं कुठे. न्यू जर्सीतल्या बेयॉन गावच्या केप लिबर्टी बंदरातून बहामाला जाणारी सात रात्रींची क्रूझ हे त्यावरचं सोयीस्कर उत्तर. विमानतळ नाही, रोज बॅगा भरणं नाही. "आणि बाबा, जेवणखाण तिकिटातच आहे," असं लेक म्हणाली. ते खरंच होतं. त्याला पोटकलमं किती आहेत, हे तिलाही जहाजावर चढल्यावर कळत गेलं.

पहिलं पोटकलम सुरक्षातपासणीतच निघालं. काकूंनी पहाटेच्या चहासाठी घेतलेली विजेची किटली एक्स-रेच्या पडद्यावर स्पष्ट दिसली. इस्त्री, किटली, शेगडी अशा तापणाऱ्या वस्तूंना आगीच्या भीतीने जहाजांवर मज्जाव असतो. किटली चिठ्ठी लावून ठेवून घेण्यात आली, उतरताना परत मिळेल म्हणून सांगितलं. बाकरवडी आणि चिवडा सीलबंद पाकिटांत होते, ते सुटले. घरी केलेलं खाणं बऱ्याच कंपन्यांना चालत नाही. त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा न्यायचा की नाही, यावर आदल्या रात्री एडिसनच्या स्वयंपाकघरात मतदान झालं होतं आणि काकू तीन विरुद्ध एक अशा हरल्या होत्या. काका लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला जात, तेव्हा भाकरीचं गाठोडं नसलेला उतारू शोधून सापडला नसता. आता जहाजच भाकरी अडवतं.

चढल्याबरोबर सगळं जहाज सोळाव्या मजल्यावर धावतं. तिथे विंडजॅमर नावाचा बुफे आहे. या वर्गातल्या 'सिम्फनी ऑफ द सीज़'वर एका खोलीत दोन माणसं धरली तर ५,५१८ प्रवासी मावतात, आणि पहिल्या दुपारी ते सगळे एकाच वेळी पास्त्याच्या भांड्यापाशी उभे आहेत असं वाटतं. जाणती मंडळी अशा वेळी आठव्या मजल्यावरच्या पार्क कॅफेत जाऊन निवांत सँडविच खातात. तेही तिकिटातच असतं. पण पहिलटकराला ते कोण सांगणार?

काकांनी ताट भरलं, जहाजाचं कार्ड हातात धरलं आणि पैसे घेणारा माणूस शोधू लागले. तसा कुणी नव्हता. एका वेटरला त्यांनी विचारलं, मग दुसऱ्याला, मग खात्री म्हणून तिसऱ्याला. तिघांनीही हसून मान हलवली. तोवर काकूंना कोपऱ्यात डाळ, बासमती भात आणि कसलीशी भाज्यांची करी सापडली होती. काका आले, डाळ चाखली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे फुकट आहे म्हणजे खरं जेवण दुसरीकडे असणार."

क्रूझवरच्या नवख्याचा खरा घोटाळा हा आहे. तो पैशांना जेवढा घाबरतो त्याहून अधिक फुकटाला घाबरतो. तिकिटातलं जेवण म्हणजे कंपनीने गळ्यात मारलेलं आणि वर पैसे मोजून खाल्लं तेच अस्सल, अशी त्याची समजूत होते. ती दूर करण्याची कंपनीला काही घाई नसते. पहिल्या दिवशी जिन्याजिन्यांशी हसतमुख मुलं-मुली उभी असतात आणि खास रेस्टॉरंटांची पॅकेजं विकत असतात. काका त्यांतल्या प्रत्येकाशी आदबीने बोलले, प्रत्येकाचं पत्रक घेतलं आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडायला घेतला. डावीकडे 'तिकिटात', उजवीकडे 'खिशातून'.

संध्याकाळी मुख्य भोजनगृह. तीन मजल्यांवर पसरलेलं, झुंबरांचं. बसायच्या वेळा दोन, एक साडेपाचच्या सुमाराची आणि एक आठची. साडेपाचला जेवण म्हणजे डोंबिवलीत चहा-पोह्यांची वेळ, म्हणून आठची घेतलेली. मेन्यूकार्ड हातात आलं आणि काका गोंधळले. पदार्थ होते, वर्णनं होती, दर नव्हते. दरांशिवायचं मेन्यूकार्ड लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा छापून येत नाही, निदान यजमानाला तरी ताटाचा भाव माहीत असतो.

टेबलाला वेटर मिळाला तो गोव्याचा. यात नवल काही नाही. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींच्या काळापासून जेवणघर आणि मुदपाकखाना सांभाळायला गोव्याची माणसं आणि डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असा रिवाजच होता. आजही क्रूझच्या कर्मचाऱ्यांत तारवटी गोंयकार भेटतो. काका मालवणी बोलले, तो कोकणीत बोलला, दोघांना नव्वद टक्के समजलं आणि उरलेलं माशांच्या नावांनी भरून निघालं.

"मावशी, तुम्ही शाकाहारी काय? मग आजच सांगून ठेवा, उद्या भारतीय जेवण करून आणतो." हे सांगून ठेवणं महत्त्वाचं. भारतीय शाकाहारी जेवण आदल्या रात्री हेड वेटरला कळवलं की दुसऱ्या दिवशी टेबलावर येतं, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. जैन जेवण हवं असेल तर तिकीट काढतानाच कळवणं बरं. ज्याला हे माहीत नसतं तो आठवडाभर पालेभाजीची लझान्या खातो आणि घरी जाऊन क्रूझला नावं ठेवतो.

मग त्याने दुसरं गुपित सांगितलं. इथे एकाच पदार्थावर थांबायची सक्ती नाही. सुरुवातीचे दोन मागवा, मुख्य पदार्थ दोन मागवा, गोड तिन्ही मागवा. काकूंना हे ऐकूनच कानकोंडं झालं. उष्टं टाकायचं नाही आणि दुसऱ्यांदा मागायचं नाही, या दोन संस्कारांवर वाढलेल्या बाईला "आणखी आणू?" हा प्रश्न अवघडच जातो. काकांनी मात्र पहिल्याच रात्री सूप, कोळंबी, मासा, कोंबडी आणि दोन प्रकारचे केक अशी मजल मारली. सगळं डाव्या रकान्यात गेलं. रात्री झोपताना म्हणाले, "तिकिटाचे पैसे वसूल व्हायला लागले."

रकाने बिघडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. जहाजाच्या मधल्या प्रोमेनेडवरच्या कॅफेत काउंटरवर बिस्किटं, केक, छोटी सँडविचेस मांडलेली असतात, ती तिकिटात. साधी कॉफी तिकिटात. त्याच काउंटरवर, त्याच मुलीकडे कॅपुचिनो मागितली की कार्ड पुढे करायचं. बुफेतला यंत्रातला संत्र्याचा रस तिकिटात, समोर पिळून दिला तर खिशातून. नळाचं पाणी, लिंबूपाणी, आइस्ड टी तिकिटात. कोकाकोला खिशातून. बाटलीतलं पाणी खिशातून. जॉनी रॉकेट्स नावाच्या बर्गरवाल्याकडे सकाळचा नाश्ता तिकिटात असतो. दुपारी त्याच खुर्चीवर बसलात तर माणशी आकार पडतो, आणि मिल्कशेकचे पैसे त्याहून निराळे. नातीने नेमका दुपारी मिल्कशेक मागितला. सोरेंटोज़चा पिझ्झा मध्यरात्रीनंतरही तिकिटातच. तो खोलीत मागवायचा विचार कराल तर खोलीत खाणं आणून देण्याचे ७.९५ डॉलर आणि वर १८ टक्के. पण हे एका ऑर्डरचे आहेत, एका पदार्थाचे नाहीत, हे बारीक टायपात वाचून काढलं ते काकांनीच. त्यामुळे एका रात्री दोन्ही खोल्यांची मिळून एकच ऑर्डर गेली, ती आणणाऱ्या मुलाला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. पाव-फळं-कॉफीचा साधा नाश्ता खोलीत मागवला तर हा आकार नाही, हेही त्याच बारीक टायपात होतं.

एक हॉटेल तिकिटातलं आणि दुसरं पैशांचं, इतकी सरळ वाटणी असती तर कुणाचीच फसगत झाली नसती. इथे वाटणीची रेघ एकाच काउंटरवरून, एकाच ताटातून जाते. मराठी माणसाला ही पद्धत खरं तर परकी वाटू नये. आपल्या थाळीच्या खानावळीतही भाजी-पोळी हवी तेवढी असते आणि श्रीखंडाची वाटी एकच, दुसरीचे वेगळे पैसे. फक्त तिथे ते भिंतीवर रंगवलेलं असतं.

श्रीखंडाची जागा इथे शेवंडाला. आठवड्याच्या क्रूझवर दोनदा नटूनथटून जेवायची संध्याकाळ असते आणि त्यांपैकी एकीला लॉब्स्टर देतात. काकांनी जावयाचं जाकीट चढवलं होतं. बटणं लागत नव्हती, पण बसल्यावर कुणाला दिसत नाही. बशीत शेवंडाचं शेपूट आलं, लोणी लावून भाजलेलं, बाजूला लिंबाची फोड. मालवणचा माणूस शेवंड बघतो तेव्हा आधी त्याचा आकार बघतो आणि मग वाटण कुठलं ते विचारतो. इथे वाटण नव्हतंच. तरी शेपूट दोन घासांत संपलं, कारण ताजेपणाबद्दल तक्रार करायला जागा नव्हती.

"आणखी एक आण रे."

वेटर जरा वाकला. "काका, पहिलं तिकिटात. दुसऱ्याला सतरा डॉलर, वर अठरा टक्के."

काका मनात पोचले थेट मालवणच्या बंदरावर. वीस डॉलर, गुणिले रुपये, आणि तेवढ्यात लिलावातून काय काय उचलता येईल याची त्यांनी यादी केली. "तिथे अख्खं मिळतं, मिशांसकट," असं ते म्हणाले आणि कोंबडी मागवली. कोंबडी दुसरी असो वा तिसरी, तिकिटातच. कार्निव्हल कंपनीच्या जहाजावर असते तर दोन मुख्य पदार्थांपर्यंत ठीक होतं, तिसऱ्याला पाच डॉलर लावायला त्यांनी सुरुवात केली आहे. अन्न फार वाया जातं, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. काकूंना हे कळलं असतं तर त्यांनी कार्निव्हलच निवडलं असतं.

दारूच्या पॅकेजाचा किस्सा त्याहून रंगला. काका जेवणाआधी एक बिअर घेतात. एकच, आणि तीही जावई सोबतीला असेल तर. जावयाने सुचवलं की रोजचं पॅकेज घेऊ, हवं ते प्या. हिशेब असा की बिअर आठ-नऊ डॉलरला आणि पॅकेज दिवसाला सत्तर-ऐंशीपासून शंभराच्या पुढेही, म्हणजे वसुलीसाठी रोज आठ-दहा बिअर. काका म्हणाले, जमणार नाही, पण प्रयत्नाला हरकत नाही. तेव्हा नियम पुढे आला: एका खोलीतल्या एकाने हे पॅकेज घेतलं की त्या खोलीतल्या एकवीस वर्षांवरच्या दुसऱ्यानेही घ्यायचं. एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये म्हणून.

"माझ्या नावावर दारूचं पॅकेज?" काकू म्हणाल्या. "भजनी मंडळात कळलं तर?"

"अगं, तू त्यातलं सरबत पी."

"सरबत वर फुकट मिळतंय. त्यासाठी ऐंशी डॉलर?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. काकांनी सुट्टी बिअर घेतली, बिलावर आपोआप चढलेले १८ टक्के बघून दुसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड घेतली, आणि मधल्या दिवशी आइस्ड टी पिऊन तिला नावं ठेवली.

तिकिटात की खिशातून, ही कटकट आजकालची आहे असं मात्र नाही. सेझार रिट्झ यांच्या नावाने चालणारं, पदार्थागणिक पैसे घेणारं रेस्टॉरंट १९०५ मध्येच 'अमेरिका' या जर्मन जहाजावर सुरू झालं होतं. १९१२ मध्ये टायटॅनिकवर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भोजनकक्षातलं जेवण तिकिटात होतं, तरी लुईजी गाटी यांचं वेगळं रेस्टॉरंट पैसे मोजून जेवायला होतंच, आणि श्रीमंत मंडळी तिथेच दिसण्यात धन्यता मानत. त्या काळची एक सोय मात्र आज हरवली आहे. सबंध प्रवासात मुख्य भोजनकक्षावर पाणी सोडलं, तर तिकिटात तीन ते पाच पौंडांची सूट मिळे. आज कुणी आठवडाभर पैशांच्या रेस्टॉरंटांतच जेवला, तरी न खाल्लेल्या बुफेचा एक सेंट परत मिळत नाही. काकांना हे वाचून टायटॅनिकबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

तिकिटातलं जेवण समोर असून न खाल्लेल्या प्रवाशांत एक फार मोठं नाव आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' बोटीने विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींना काटे-चमचे नीट धरता येत नव्हते आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायची भीड वाटत होती. मग ते खोलीतच जेवत, तेही मुख्यतः बरोबर आणलेली मिठाई आणि फळं. आत्मकथेत त्यांनीच हे सांगितलं आहे. अठरा वर्षांच्या त्या मुलाच्या संकोचाशी काकूंचं चांगलं जमलं असतं. कारण गुरुवार आला आणि काकूंचा उपवास निघाला. चोवीस तास अन्नछत्र चालू असलेल्या जहाजावर बाई केळं, टरबूज आणि दही घेऊन बसल्या. बटाटा चालतो, म्हणून नातीने बर्गरच्या काउंटरवरून तळलेले बटाटे आणून दिले. ते कशाकशाबरोबर तळले असतील असा विचार काकूंच्या मनात आला आणि ते काकांनी संपवले.

बाकीच्या जहाजांवरही सगळीकडे एकच कायदा नाही, एवढं सांगून पुढे जाऊ. डिस्नेच्या जहाजांवर जेवताना सोडा-कोला तिकिटात येतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या व्हर्जिन व्हॉयेजेसने बुफे ठेवलाच नाही, सगळी रेस्टॉरंटं तिकिटात घातली, पण लहान मुलांना प्रवेश नाही. नॉर्वेजियनने 'फ्री ॲट सी' नावाने पेयं फुकट दिली आणि त्या फुकट पेयांच्या मूळ किमतीवर वीस टक्के सेवाशुल्क घेतलं. भूमध्य समुद्रातल्या काही जहाजांवर जेवणाच्या टेबलावरचं पाणीसुद्धा बाटलीच्या भावाने येतं.

लेकीला आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी काही खास करायचं होतं. तिने निघण्याआधीच ॲपवरून इटालियन रेस्टॉरंटमध्ये दोघांची जागा राखून ठेवली होती. आधी घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. मांसाच्या तुकड्यांसाठी नावाजलेलं चॉप्स ग्रिल तिने टाळलं, कारण तिथे साठ-सत्तर डॉलर भरून काकूंनी उकडलेला बटाटा आणि पालक खाल्ला असता.

खोली छोटी, दिवे मंद, टेबलांमध्ये अंतर. वेटर दोन वेळा येऊन पास्ता कसा तयार होतो ते सांगून गेला. पाव ताजा, चीज भरपूर, आणि किंमत माणशी ठरलेली असल्यामुळे इथेही हवं तेवढं मागवता येत होतं. हे समजेपर्यंत काकूंनी एकाच बशीत दोघांचं भागवलं होतं. जेवण झाल्यावर काका वीस मिनिटं बिलाची वाट बघत बसले. पैसे आधीच भरलेले, बिल येणारच नव्हतं. वेटरला वाटलं, काकांना आणखी तिरामिसू हवं आहे, म्हणून त्याने ते आणून ठेवलं.

तिथून ते थेट पाचव्या मजल्यावर सोरेंटोज़कडे गेले आणि तिकिटातल्या पिझ्झाचा एक तुकडा घेतला. तुलनेसाठी. बराच वेळ चावून निर्णय दिला: "चीज तेच आहे. वरचे पैसे शांततेचे." निर्णय बराचसा बरोबर होता. पैशांच्या रेस्टॉरंटमध्ये मिळते ती प्रामुख्याने सावकाशी, आणि पाच हजार माणसांच्या जहाजावर तिला भाव असणारच. वर्षातून एकदा ती विकत घ्यायला हरकत नाही. रोज घेणाऱ्यांनी मुख्य भोजनगृहात एकदा तरी आठची वेळ गाठून पाहावी.

कंपनीच्या वार्षिक अहवालात हे सगळं अगदी स्वच्छ लिहिलेलं असतं, पण सुट्टीवर अहवाल कोण वाचतो? जावयाने मोबाइलवर शोधून दिलं आणि काकांनी वाचलं. २०२३ साली रॉयल कॅरिबियन समूहाचं एकूण उत्पन्न १३.९ अब्ज डॉलर होतं. त्यातले सुमारे ९.६ अब्ज तिकिटांचे. उरलेले ४.३ अब्ज पेयं, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली, वायफाय, जेवणं अशा वरकड विक्रीचे. "म्हणजे तीस टक्क्यांवर," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात कंपनीबद्दल कौतुक आलं. बँकेलाही असं जमलं नव्हतं.

बहामातल्या कोकोके या कंपनीच्या खासगी बेटावर तर काका तयारीनेच उतरले. चिल ग्रिलचे टाको आणि बर्गर तिकिटात, शेजारच्या कॅप्टन जॅक्सकडे बसलं तर खिशातून, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बारकडे बघायचंच नाही. नारळाचं झाड दिसल्यावर त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "शहाळं कुठल्या रकान्यात?" जावयाला सांगता आलं नाही.

शेवटच्या रात्री ॲपवर खातं उघडलं. साध्या खोलीसाठी माणशी दिवसाला साडेअठरा डॉलर कर्मचाऱ्यांची बक्षिसी, दोघांची सात दिवसांची २५९. ती आधीच भरलेली. त्याखाली काकांच्या चार बिअर, आणि एक मिल्कशेक, तोही अठरा टक्क्यांसह. काकांनी प्रत्येक ओळ पत्रकांच्या पाठीशी ताडून पाहिली. जुळलं. गोव्याच्या वेटरला त्यांनी वर वेगळं पाकीट दिलं आणि त्याची नोंद कुठल्याच रकान्यात केली नाही.

सकाळी बेयॉनला उतरायच्या वेळी किटली परत मिळाली आणि कर्ण्यावरून घोषणा झाली: जहाजावरची फळं बाहेर नेऊ नयेत, अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याची कुत्री पिशव्या हुंगतात, दंड होतो. काकूंनी पर्स उघडली. आत बुफेतून आणलेली दोन केळी, एक सफरचंद आणि एक संत्रं, प्रवासात नातीला लागली तर म्हणून. कचरापेटी दोन पावलांवर होती.

"टाकायची?" काका म्हणाले. "तिकिटातली आहेत."

मागची रांग थांबली. काकांनी रेलिंगला टेकून आधी केळी संपवली, मग सफरचंद. संत्रं सोलताना सुरक्षारक्षक जवळ आला, तेव्हा काकांनी अर्धं त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं नाही.